गळ्यातलं कार्ड

इच्छापोरला ज्याच्या गळ्यात पट्टी तो कामाला, हे लहान पोरालाही कळतं. सुरतहून तापी ओलांडून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. पुढे कवास, मोरा आणि मग कारखानेच कारखाने: खताचे, वायूचे, पोलादाचे. अमळनेर, नंदुरबार, दोंडाईचाकडची माणसं भुसावळ-सुरत गाडीने इकडे आली. बहुतेक उधना, लिंबायतला राहिली. आमचे वडील, नाना, इच्छापोरला टेकले, कारण ठेकेदाराची गाडी इथूनच भरायची. नाना फिटर. त्यांचा गेटपास दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेला असे आणि त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

त्या पासला मुदत असे. आधी मेडिकल, मग सेफ्टीचं ट्रेनिंग, मग फोटो. वर्क ऑर्डर संपली की पास गेटवर जमा. पुढच्या शटडाउनची, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना थांबण्याची, हाक येईपर्यंत नाना घरी, खिळा रिकामा. तरीही ते पहाटे उठायचे, दाढी करायचे आणि ओट्यावर बसायचे. त्या दिवसांत आई त्यांना बाजारातून काही आणायलाही सांगत नसे.

माझ्या गळ्यात आधी शाळेचं कार्ड आलं, मग कॉलेजचं. बी.एस्सी., केमिस्ट्री. त्या कार्डावर सवलतीचा बसपास निघे, वाचनालयातलं पुस्तक मिळे, आणि कोणी विचारलं तर सांगायला उत्तरही असे. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, नो ड्यूजच्या कागदावर सह्या घेतल्या आणि कार्ड टेबलावर ठेवून बाहेर पडले.

मग अर्ज. कुठे अनुभव विचारला, कुठे ‘कळवू’ म्हणाले आणि कळवलं नाही. गावाकडच्या लग्नात आत्या जवळ घेऊन विचारायची, “आते काय करस बेटा?” मी काय शिकले ते सांगायचे. तिने विचारलेलं असायचं आजचं, मी सांगत असायचे गेल्या वर्षाचं. हळूहळू मी लग्नांना जाणं सोडलं. पुढे २०२३ साली अझीम प्रेमजी विद्यापीठाचा अहवाल वाचला: पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या आसपास, आणि पस्तिशीपुढच्या पदवीधरांत ५ टक्क्यांहून कमी. म्हणजे काम मिळतं, पण मधली वर्षं जातात. ती वर्षं घरात कशी काढायची, हे कोणत्याही आकड्यात नसतं.

माझ्या पदवीवर वीर नर्मद यांचं नाव आहे. विद्यापीठच त्यांच्या नावाचं. सुरतेच्या या कवीने १८५८ साली मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीवर जगायचं ठरवलं. पगाराशिवाय, कर्ज काढत, त्यांनी गुजरातीचा ‘नर्मकोश’ पुरा केला. १८८२ साली नाइलाजाने पुन्हा नोकरी धरावी लागली, आणि चार वर्षांत ते गेले. त्यांची हार म्हणून ही गोष्ट सांगणारे मला आवडत नाहीत. कोश उभा राहिला तो त्या बिनपगारी वर्षांत.

मी घरी होते त्याच काळात नानांची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली. पास कायमचा जमा झाला. आता ओट्यावर आम्ही दोघं. एका सकाळी त्यांनी पत्र्याची पेटी काढली. आत पगाराच्या चिठ्ठ्या, वेगवेगळ्या ठेकेदारांच्या काळातले पीएफचे क्रमांक. पीएफचा एकच क्रमांक, यूएएन, २०१४ साली आला. त्याआधी ठेकेदार बदलला की खातं बदलायचं. पेन्शनला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. ती सलग नसली तरी चालते, मात्र मधे पैसे काढून खातं बंद केलेलं नसावं आणि जुनी खाती जोडलेली हवीत. नानांनी पैसे काढले नव्हते, कारण ते काढायचे कसे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि नाव! एका खात्यात नावापुढे ‘भाई’ लागलेलं, दुसऱ्यात गुजराती रीतीने आडनाव आधी आल्यामुळे आजोबांचं नाव आडनावाच्या जागी. आधारवर तिसरंच. एकाच माणसाची ती तीन माणसं एक करण्यात माझे महिने गेले. फॉर्म भरले, दुरुस्तीचे अर्ज लिहिले, जुन्या ठेकेदारांच्या सह्या आणल्या. पेन्शन सुरू झाली. रक्कम लहानच, पण दर महिन्याला येते.

हे ऐकून चाळीतले रिगर, वेल्डर, मग मोऱ्याचे दोघे ओडिया काका पिशव्या घेऊन आले. दाराशी उभे राहून ते मला नावाने हाक मारायचे. पैसे मी घेतले नाहीत, कोणी केळी आणून द्यायचं. त्या वर्षाला ‘रिकामं’ म्हणायला मी आजही तयार नाही. पुढे मुलाखतीत या महिन्यांचं काय केलं असं विचारलं, तेव्हा मी हेच सांगितलं, सगळं, फॉर्मच्या नावांसकट. आज एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. गळ्यात पट्टी आहे, आणि तिलाही मुदत आहे.

तुमच्या घरात नुकती पदवीधर झालेली मुलगी किंवा मुलगा असेल, तर ‘आता काय करतेस?’ हे काही दिवस विचारू नका. घरातल्या थकलेल्या माणसाची कागदांची पिशवी तिच्यापुढे ठेवा आणि शेजारी बसा. जुने पीएफ क्रमांक असतील तर आधी नावं ताडून पाहा; बहुतेक प्रकरणं तिथेच अडलेली असतात.