सातऱ्यावरून भरलेला वर्ग

रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला प्रयोगशाळा मागून घ्यावी लागते. मार्केटिंगची प्रयोगशाळा रस्त्यावर रोज भरलेलीच असते. विद्यापीठाचा वर्ग मात्र त्या रस्त्याकडे पाठ करून बसतो. फळ्यावर चार ‘पी’ येतात: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. जेरोम मॅकार्थींनी १९६० साली ही चौकट मांडली, फिलिप कोटलरांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने ती जगभर नेली आणि आमच्या बी.कॉम., बीबीएच्या मुलांनी ती परीक्षेपुरती पाठ केली. उदाहरणं परदेशी मोटारींची आणि शीतपेयांची. समोर बसलेल्या मुलीच्या घरी मिरचीचा सातरा, म्हणजे मिरची वाळवून देठ खुडण्याची जागा, आहे, हे त्या वर्गात कळायला वावच नव्हता. तो वाव ऑनलाइन तासांनी दिला, आणि माझ्या लेखी त्या तासांचं सगळ्यात मोठं देणं तेच.

मी मौद्यात राहते आणि नागपूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा ऑनलाइन तास हा नाइलाज होता. पुढे वर्ग भरू लागले, तरी संध्याकाळचे काही तास मी मोबाइलवरच ठेवले. कुही, रामटेक, मौदा या भागातल्या मुलींची खरी अडचण अभ्यासाची नसते, शेवटच्या एसटीची असते. पाचचा तास म्हटला की त्या साडेचारलाच घड्याळाकडे बघू लागतात. घरून शिकताना ती घाई गेली, आणि तिच्यासोबत दबलेलं बरंच काही मोकळं झालं.

सगळ्यात आधी मोकळी झाली भाषा. इंग्रजी शब्द चुकेल म्हणून वर्गात तोंड न उघडणारी मुलगी चॅटमध्ये भराभर लिहू लागली. ‘मॅडम, नेटवर्क जाऊन राहिलं, पण मले समजून राहिलं,’ असा निरोप आला की मला धीर येई. पडद्यावर चेहरे नसतात, काळे चौकोन असतात. शिकवणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्यांत जे दिसतं, ते इथे दिसत नाही. त्याची पोचपावती उशिरा येते, कधी रात्री अकराला, दोन ओळींच्या मेसेजमधून. ती वाट बघायची सवय लागली की तिची गोडीही लागते.

किंमत ठरवण्याचा धडा चालू होता. ‘घरात विकल्या जाणाऱ्या एका वस्तूची किंमत कशी ठरते ते सांगा,’ एवढंच मी विचारलं होतं. एका विद्यार्थिनीने आपणहून कॅमेरा सुरू केला. ती सातऱ्यावर होती. मागे लाल मिरचीचे ढीग, त्यांच्या कडेने तोंडाला रुमाल बांधून बसलेल्या बाया, आणि देठ खुडणारे त्यांचे हात. मजुरी किलोवर. तिने मूठभर मिरची उचलली, फोनपाशी आणली आणि हलवली. माझ्या इअरफोनमध्ये बियांचा खुळखुळाट झाला. ‘वाजली म्हणजे वाळली. नाही वाजली तर व्यापारी भाव पाडते,’ ती म्हणाली. मग पांढरी पडलेली फटकी तिने वेगळी करून दाखवली. दळणाऱ्याला डंडीकट लागते, म्हणून देठ काढलेल्या मालाला जास्त भाव; पण ज्याला माल साठवून ठेवायचा त्याला देठासकटच हवी, कारण देठ निघालेल्या जागेतून कीड आणि बुरशी शिरते. एकाच शेतातली मिरची, दोन गिऱ्हाइकं, दोन भाव. सेगमेंटेशनवरची माझी अख्खी पीपीटी त्या मुठीत मावली होती.

त्या दिवशी मी पुढचा धडा घेतला नाही. प्रत्येकाला आपापल्या घरचा बाजार सांगायला लावला. एनटीपीसीच्या रस्त्यावर चहा-नाश्त्याची टपरी असलेल्या घरचा मुलगा बोलू लागला. मौद्याचं औष्णिक केंद्र २३२० मेगावॅटचं. तिथल्या पाळ्या त्याला तोंडपाठ होत्या. सकाळच्या पाळीला पोटभर पोहे, रात्रपाळी सुटली की नुसता कडक चहा, आणि बाहेरच्या राज्यांतून आलेल्या कंत्राटी कामगारांसाठी पुरी-भाजी. त्याच्या आईने ही मांडणी कुठल्याही पुस्तकाशिवाय केली होती. आपली आई मार्केट रिसर्च करते हे त्याला कळलं तेव्हा त्याचा आवाज बदलला. तो आवाज ऐकायला मिळणं हे मला पगाराहून मोठं वाटतं, आणि तासिका तत्त्वावरचा पगार कधी हातात पडतो हे ठाऊक असूनही मी हे लिहिते आहे.

मग मोठी उदाहरणंही जवळची वाटू लागतात. १९३२ साली नागपुरात सुरू झालेलं दिनशॉज, किंवा नागपूरहून मुंबईला जाऊन १९५२ साली घरातच दंतमंजन तयार करणारे आणि ते दारोदार विकणारे विकोचे केशव पेंढरकर. या गोष्टी मी आधीही सांगायचे. पण सातऱ्यावरून ऐकणाऱ्या मुलीला त्यातलं ‘दारोदार’ वेगळं ऐकू येतं.

दूरशिक्षण आपल्याकडे नवं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. ‘स्वयम्’वर २०१७ पासून देशभरातल्या प्राध्यापकांची व्याख्यानं बघायला मिळतात. त्यांचा उपयोग मोठा आहे. मात्र ध्वनिचित्रफीत शिक्षकाला विद्यार्थ्याच्या घरी नेते. विद्यार्थ्याचं घर शिक्षकापर्यंत आणायला थेट संवादाचा तासच हवा, मग तो फोनवर का असेना. तरीही मी कुणालाही कॅमेरा लावायची सक्ती करत नाही. एका खोलीत पाच माणसं राहणाऱ्या मुलाने आपलं घर वर्गाला का दाखवावं? ज्याने दाखवलं त्याने विश्वास टाकला, एवढं भान शिक्षकाने ठेवायला हवं. हेही खरं, की गल्ल्यावर बसून तास ऐकणाऱ्या मुलाचं निम्मं लक्ष गिऱ्हाइकात असतं आणि डेटा संपला की मुद्दा अर्धवट राहतो. या उणिवा मला रोज टोचतात.

तरी परवाचा तास ऐकण्यासारखा होता. ‘मग तुम्ही तिखट दळून का विकत नाही?’ असं कुणीतरी सातऱ्यावरच्या मुलीला विचारलं. तिने हिशेब मांडला. व्यापारी माल उचलतो आणि पैसे देतो. पुड्या दुकानात ठेवल्या तर पैसे अडकतात. शिवाय एफएसएसएआयची नोंदणी, पाकिटावर तो चौदा आकडी क्रमांक, दळणाचा खर्च. त्यावर किराणा दुकान असलेला मुलगा म्हणाला, ‘नव्या मालाचे पैसे आम्ही खपल्यावरच देतो, पण वीस पुड्या ठेवून पाहू.’ पुरवठादार आणि विक्रेता माझ्याच वर्गात निघाले. तास संपला तरी त्यांची घासाघीस चॅटवर चालूच होती. ती पाव किलोच्या पाकिटावर अडून आहे, तो म्हणतो शंभर ग्रॅमचंच खपेल. पुढच्या गुरुवारी दोघांनी आपापला खर्च लिहून आणायचा आहे.