पिंजूची लोकर

पिंजू आमच्याकडे आली तेव्हा ती ससा आहे हे केवळ कानांवरून ओळखावं लागलं. बाकी सगळं अंग म्हणजे मातकट, घट्ट जटा. नगरला, सावेडीत आमच्या मागच्या गल्लीत भाड्याचं एक घर रिकामं झालं आणि राहणारी मंडळी जाताना पडवीत पिंजरा तसाच ठेवून गेली. घरमालक म्हणाले, “केडगावच्या पुढं माळावर सोडून येतो, गवत खाऊन राहील.” माझ्या सासूबाईंनी ते ऐकलं, काही न बोलता पिंजरा उचलला आणि घरी आणला.

त्यांचं माहेर कर्जत तालुक्यातलं, रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याच्या बाजूचं. माळ त्यांना ठाऊक होता आणि माळावरचा ससाही. आपला काळ्या मानेचा ससा ढेकळाच्या रंगाचा असतो. तो बीळ करत नाही, गवतात दबून बसतो. त्याची पिल्लं जन्मतात तीच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. घरात पाळतात तो ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिल्लं जन्मतात ती उघडी आणि आंधळी. दोघांची प्रजातीच वेगळी, इतकं की त्यांचा संकरही होत नाही. असा पांढरा, जटांनी जखडलेला जीव माळावर सोडणं म्हणजे कुत्र्यांच्या तोंडी देणं. एक रात्रही निघाली नसती.

डॉक्टरांनी तिचे दात पाहिले, पोट चाचपलं, कानांच्या टोकांवरचे केसांचे झुबके पाहिले आणि सांगितलं, “ही अंगोरा आहे, जर्मन वळणाची. मादी. वय दोनेक वर्षं. आधी हे केस उतरवा, मग बाकीचं बघू.” अंगोरा म्हणजे लोकरीसाठी वाढवलेला ससा. हिमाचलात कुल्लूजवळ गडसा इथे, केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या केंद्रात, या जातीवर बरंच काम झालं आहे. तिथली हवा थंड, आणि या सशाला थंडच लागते. त्याचा केस महिन्याला अडीच ते तीन सेंटिमीटर वाढतो. साध्या सशाचा केस ठरावीक लांबीला थांबून गळून जातो. अंगोराचा वाढतच राहतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या माणसाने तोच ससा निवडला ज्याचा केस थांबत नाही. म्हणून अडीच-तीन महिन्यांनी तो कुणीतरी उतरवावा लागतो. सशाला स्वतःला ते जमत नाही. पिंजूचं दुखणं इतकं साधं होतं. तिच्या वाट्याचा माणूस निघून गेला होता.

केस उतरवायचे कुणी, हा प्रश्न होता. कुत्र्यांचे केस कापणारे एकजण आले, त्यांनी यंत्र लावून पाहिलं आणि बंद केलं. जट कातडीलगत वळलेली होती, आणि सशाची कातडी फार पातळ. जट ओढली की तीही वर येते, पात्यात सापडते, फाटते. वैशाख संपत आला होता. कोकणात उतरलेले धनगरांचे वाडे घाटावर परतत होते. ह्यांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे मामा पारनेर तालुक्यातले मेंढपाळ, ते आले. अहिल्याबाईंचं चौंडी ज्या जिल्ह्यात आहे, ज्या जिल्ह्याला आता त्यांचंच नाव आहे, तिथे लोकर उतरवणारा हात शोधायला फार लांब जावं लागलं नाही, याचा मला आजही आनंद वाटतो.

मामांनी आधी कातर काढलीच नाही. ओसरीवर मांडी घालून बसले, पिंजूला धोतराच्या सोग्यात घेतलं, एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. सशाच्या मागच्या पायांत जोर फार आणि हाडं हलकी. पाय अधांतरी राहिले आणि त्याने झटका दिला, तर स्वतःचाच कणा मोडून घेतो. मामांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पाय हाताखाली घेतले, तिची धडधड कमी होईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, “भादरावी लागंल समदी. पर सावकाश. लोकर येणाऱ्या जित्राबाला माणूस लागतोच, सूनबाई. मेंढराचंबी तसंच.”

मेंढरांची मोठी कातर त्यांनी बाजूला ठेवली आणि माझी शिवणाची, बोथट टोकाची कात्री मागून घेतली. कातडी आणि जट यांच्यामध्ये आधी स्वतःचं बोट सरकवायचं, मग बोटाच्या वरून कात्री चालवायची. म्हणजे पातं चुकलंच तर बोटाला लागेल, तिला नाही. पाठीपासून सुरुवात, मग कुशी, शेवटी पोट. पोटावर आचळं केसांत दडलेली असतात, तिथे कात्री अगदी टोकानेच. थोडं कापलं की तिला खाली सोडायचं, पाणी दाखवायचं, पुन्हा घ्यायचं. काखेतल्या आणि शेपटीखालच्या जटा त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवल्या. “एका बैठकीत सारं केलं तर ती दमंल,” म्हणाले. जटेखाली कातडी लाल झाली होती. पावसाळा लागला असता तर तिथे माश्या बसून अळ्या पडल्या असत्या. मेंढरांत हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवटची जट निघाली. पिंजू फरशीवर उतरली, जरा वेळ तशीच बसली. मग एकदम वर उडी घेतली आणि हवेतच अंग वळवलं, डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे. पुन्हा एक उडी. आनंद झाला की ससे अशीच उडी घेतात. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “चालता येत नव्हतं गं पोरीला,” एवढंच म्हणाल्या. खाली पडलेल्या केसांतला आतला, न मळलेला भाग पिंजलेल्या कापसासारखा निघाला होता, त्यावरून त्यांनी तिचं नाव ठेवलं.

पुढची वर्षं या केसांभोवतीच गेली. रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन रुंद दातांची फणी फिरवायची, मुळाशी फुंकर घालून कातडी पाहायची. आंघोळ कधीच नाही. भिजलेली अंगोरा लोकर आवळून बसते आणि ससा गारठतो. ससे स्वतःला चाटून साफ करतात, ते केस पोटात जातात. मांजर केसांचा गोळा ओकून टाकतं, सशाला उलटीच होत नाही. पोटातला केस पुढे ढकलायला चारा लागतो, तंतूंचा, कोरडा, दिवसभर. आपल्याकडे घास मुबलक; राहुरी-श्रीरामपूरकडे गोठ्यागोठ्याला त्याचे भारे असतात. पण मोठ्या सशाला घास रोज चालत नाही. त्यातला चुना लघवीतून जातो आणि लघवी घट्ट होते. आम्ही पवन्या आणि मारवेलाचं वाळलेलं गवत आणायचो, त्यावर थोडी कोथिंबीर, मेथी. शेतकरी ज्या हराळीला कंटाळलेले असतात, ती तिला फार प्रिय. गाजर गोड असतं म्हणून त्याची एखादी चकतीच.

सकाळी पहिलं काम म्हणजे लेंड्या पाहणं. गोल, कोरड्या, सुट्या असल्या की दिवस चांगला. केसाने एकमेकींना बांधलेली लेंड्यांची माळ दिसली की कात्री काढायची वेळ झाली. पहाटेच्या वेळी ती दुसऱ्या प्रकारच्या मऊ लेंड्या थेट तोंडात घ्यायची. त्यांत जीवनसत्त्वं असतात, सशाला त्या लागतातच. एका श्रावणात तिने खाणं सोडलं. कोपऱ्यात गोळा होऊन बसली, दात करकर वाजवत. कुरवाळताना ती दात अगदी हलके वाजवायची, तो सुखाचा आवाज. हा तसा नव्हता. ससा अर्धा दिवस उपाशी राहिला तरी त्याचं आतडं थांबू लागतं. आम्ही तिला रात्रीच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वेदनेवर औषध दिलं, कातडीखालून सलाईन दिलं, आणि भिजवून वाटलेला चारा सुईविना सिरिंजने भरवायला सांगितलं. सासूबाई आणि मी रात्रभर आळीपाळीने भरवत राहिलो. उजाडताना तिने एक लेंडी टाकली, त्या एका लेंडीने घर हरखून गेलं.

उन्हाळा ही दरसालची परीक्षा. नगरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि अंगोराला तिशीतच जड जातं. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांतून बाहेर पडते. म्हणून चैत्र लागताच केस बारीक, खिडकीला ओलं गोणपाट, बसायला शहाबादी फरशी, शेजारी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. दुपारी ओल्या हाताने कान पुसायचे. ती डोळे अर्धे मिटून कान पुढे करायची.

उतरवलेली लोकर आम्ही उशीच्या अभ्र्यात साठवली. मामांच्या ओळखीच्या एका सनगराने ती चरख्यावर घेऊन पाहिली. तंतू इतका बारीक आणि गुळगुळीत की एकटा पीळ धरेना. मेंढीची लोकर मिसळली तेव्हा सूत झालं, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी एक पट्टी विणून आली. त्या ती थंडीत बांधतात. जगात ही लोकर महाग विकली जाते. २०१३ साली चीनमधल्या शेतांवर जिवंत सशांची लोकर उपटतानाची दृश्यं बाहेर आली, तेव्हा अनेक मोठ्या कपडे कंपन्यांनी अंगोरा घेणं थांबवलं. मी ती दृश्यं पूर्ण पाहू शकले नाही. त्या सशांचं ओरडणं मला ऐकवलं नाही. एरवी ससा ओरडतच नाही. पिंजूचा मोठ्यात मोठा आवाज म्हणजे अंगणात मुंगूस आलं की मागचा पाय फरशीवर आपटणं, तेवढाच.

म्हातारपणी तिच्या मागच्या पायांतली ताकद गेली. केस आम्ही महिन्यालाच कापू लागलो, म्हणजे तिला स्वतःला चाटताना वाकावं लागू नये. मांडीवर घेतलं की हनुवटी माझ्या मनगटावर घासायची. ससे आपल्या वस्तूंवर आपला वास असाच लावतात. नऊ-दहा वर्षं हे सशाचं पुरतं आयुष्य, आणि ते तिला मिळालं. मार्गशीर्षात गेली. घरामागे कडुलिंबाखाली पुरली.

आता लोक विचारत येतात. शाळेजवळ टोपलीत विकायला आणलेलं पिल्लू केसाळ निघतं, घेणाऱ्याला त्याची कल्पना नसते, आणि वर्षाच्या आत जटा होतात. मी आधी ससा घरी ठेवणार का ते विचारते, मग कात्री दाखवते. बोट आत, पातं वर. परवा संगमनेरहून एक मुलगी एसटीने ससा घेऊन आली. मामा कोकणात होते. मी कापत होते, सासूबाईंनी मागचे पाय धरले होते, आणि काखेतली जट आली तेव्हा कात्री मी त्या मुलीच्या हातात दिली.