सांगोल्याचे आमदार आणि कृष्णेचे पाणी

30 जुलै 2021 रोजी गणपतराव देशमुख यांचे निधन झाले, आणि त्यानंतरच्या मृत्युलेखांत एस.टी.ने प्रवास करणारा आमदार हे एकच चित्र इतक्या वेळा रंगवले गेले, की त्यांच्या अर्धशतकाहून अधिक काळच्या राजकारणाला त्या चित्रात जागाच उरली नाही. ते साधे राहिले हे खरे आणि आदरणीयही आहे. परंतु साधेपणाची स्तुती कोणत्याही पक्षाच्या माणसाला निर्धास्तपणे करता येते, कारण त्यासाठी गणपतरावांची एकही मागणी मान्य करावी लागत नाही. हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा माण नदीच्या खोऱ्यातील अवर्षणप्रवण, म्हणजे पावसाची खात्री नसलेला तालुका. वकिलीचे शिक्षण घेतलेले, धनगर समाजातील गणपतराव 1962 मध्ये तेथून शेतकरी कामगार पक्षातर्फे (शेकाप) प्रथम विधानसभेवर निवडून गेले आणि पुढे त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षातर्फे एकूण 11 वेळा विजयी झाले. तालुक्याने त्यांना आबासाहेब म्हटले. 1972 चा पराभव 1974 च्या पोटनिवडणुकीने भरून निघाला. 1995 चा मात्र तसा भरून निघाला नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना पुन्हा पुन्हा त्याच वर्षापाशी थांबावे लागते. त्या निवडणुकीत ते दोनशेहून कमी मतांनी हरले.

त्या पराभवाचे मोल कळण्यासाठी थोडा जुना इतिहास मध्ये आणणे भाग आहे. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी काँग्रेसमधून फुटून उभ्या केलेल्या शेकापने 1950 मध्ये दाभाडी येथे मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. हाच दाभाडी प्रबंध. पुढे संस्थापकांपैकी हे दोघेही काँग्रेसमध्ये परतले आणि राज्यस्थापनेच्या सुमारास बहुजन समाजातील कर्तबगार कार्यकर्ते यशवंतराव चव्हाणांच्या मागे जाऊ लागले. अशा ओहोटीच्या काळात गणपतराव खटारा या पक्षाच्या जुन्या निशाणीवर उभे राहिले आणि पुढे दोनदा मंत्रिपद मिळूनही, 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 च्या आघाडी सरकारात, त्यांनी पक्ष बदलला नाही. बाकी सारी वर्षे ते बहुतांशी विरोधी बाकांवर बसले. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना हाती असल्याखेरीज आमदारकी टिकत नाही असा समज रूढ असताना त्यांच्या तालुक्यात सहकारी सूत गिरणी उभी राहिली. उसाला लागणारे पाणी जेथे नाही, तेथे पाण्यावाचून रोजगार देणारा हा उद्योग होता, आणि काटेकोर व्यवस्थापनासाठी तो ओळखला गेला. एस.टी.च्या प्रवासाइतके शब्द या गिरणीच्या वाट्याला कधी आले नाहीत.

आता पाण्याकडे. बच्छावत लवादाने 1970 च्या दशकात कृष्णेच्या पाण्यातील महाराष्ट्राचा वाटा 560 टीएमसी ठरवला (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), आणि 31 मे 2000 नंतर या निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल अशी तरतूद ठेवली. आपल्या वाट्याचे पाणी त्या मुदतीपूर्वी अडवले आणि वापरात आणले नाही तर हक्क दुबळा होईल, ही चिंता दुष्काळी तालुक्यांना जाळत होती, कारण नदीकाठची गावे कधीच भिजली होती आणि पठारावरच्यांना उपसा सिंचनाविना, म्हणजे पंपाने पाणी वर चढवून कालव्यात सोडल्याविना, दुसरा मार्ग नव्हता. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांच्या पुढाकाराने आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदांनी हा प्रश्न लावून धरला. त्यांची मागणी केवळ पाणी आणण्याची नव्हती. पाण्याचे वाटप समन्यायी व्हावे, म्हणजे जमिनीच्या आकारावर न ठरता प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही, हिस्सा मिळावा, अशी होती. धरण बांधण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी अवघड, कारण तिच्यामुळे काठावरच्या बागायतदाराच्या मक्तेदारीलाच हात लागतो.

आणि येथे 1995 पुन्हा आडवे येते. कृष्णा खोरे विकास महामंडळ 1996 मध्ये स्थापन झाले, कऱ्हाडजवळून कृष्णेचे पाणी उचलून आटपाडी-सांगोल्याकडे नेणाऱ्या टेंभू योजनेची पायाभरणी त्याच कालखंडात झाली, आणि नेमका त्याच वेळी, 1999 पर्यंत, दुष्काळी टापूचा सर्वांत जाणता प्रवक्ता सभागृहाबाहेर होता. परिषदांतून त्यांचा आवाज उठत राहिला, यात शंका नाही. परंतु महामंडळाच्या कायद्यावर सभागृहात बोलण्याचा अधिकार आणि परिषदेतील ठराव यांत फरक आहे. ते तेथे असते तर समन्यायी वाटपाचे कलम कायद्यात आलेच असते, असा दावा कोणी करू नये. ते मागितले गेल्याची नोंद मात्र विधानसभेच्या कामकाजात निश्चित राहिली असती, आणि पुढच्या पिढ्यांना तिचा आधार घेता आला असता.

2019 मध्ये गणपतरावांनी उमेदवारी केली नाही आणि शेकापने सांगोल्याची जागा हजाराहून कमी मतांनी गमावली. 2024 मध्ये त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ती परत मिळवली. टेंभूचे पाणी आज सांगोल्याच्या काही भागांत पोहोचले आहे. भूमिहीन कुटुंबाला त्या पाण्यात हिस्सा देणारी तरतूद राज्यभर लागू झालेली नाही.