पाठमोरी नाव

‘फ्लाय फिशिंग’चे मराठी काय करावे, या प्रश्नाशी मराठीच्या शिक्षिकेला प्रथम व्युत्पत्ती आडवी येते. मत्स्यापासून मासा, मक्षिकेपासून माशी. संस्कृतात परस्परांपासून दूर असलेले हे दोन जीव मराठीत येऊन जवळजवळ नवराबायको होतात. हे मी धाकट्या भावाला ऐकवले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “ताई, व्याकरण राहू दे. नाव कोणती घेऊ ते सांग.”

भाऊ कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या कॅमलूप्सला राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. तिथल्या पठारांवर हजार मीटरहून अधिक उंचीवर लहान लहान तळी आहेत आणि त्यांत रेनबो ट्राउट. बर्फ वितळले, की तळाच्या चिखलातून कायरोनोमिड नावाचे कीटक कोषावस्थेत सावकाश वर येऊ लागतात. दिसायला डासांसारखे, पण न चावणारे. मासे त्यांना टिपतात. गळावर दोरा आणि तार गुंडाळून त्या कोषाची नक्कल करायची आणि ती तितक्याच संथपणे पाण्यात ठेवायची, एवढाच सारा व्यवहार. परंतु काठावर लव्हाळ्यांची दाटी असते, पाठीमागे झाडे, त्यामुळे दोर मागे झुलवायला जागा मिळत नाही. म्हणून एका माणसापुरती नाव हवी.

गेली दहा वर्षे त्याच्याकडे ‘फ्लोट ट्यूब’ आहे. ही खरे तर नाव नव्हेच. हवा भरलेले आसन. माणूस त्यात कमरेपर्यंत पाण्यात बसतो, छातीपर्यंतची जलरोधक विजार घालतो, पायांत बदकाच्या पंजांसारखे फिन्स चढवतो आणि पाय मारत उलटा, पाठमोरा जातो. जिथे जायचे ते दिसत नाही, सोडलेला काठ तेवढा दिसत राहतो. वजन इतके कमी, की पाठीवर टाकून रानातल्या तळ्यापर्यंत चालत जावे.

या ट्यूबचा पूर्वज म्हणजे ट्रकच्या चाकातली ट्यूब, हे कळले आणि मला उजनी आठवली. तिथल्या जलाशयावर अशाच ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून माणसे जाळी ओढतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील त्यांतलेच. त्या मुलाने एकदा निबंधात लिहिले होते, की बाबा परत येईपर्यंत आई चुलीवरचे भांडे उतरवत नाही. भावाला मी हे सांगितले. तो गप्प झाला, आणि मग म्हणाला, की गेल्या शरदात टंक्वा तळ्यावर वारा उठला, पाय मारूनही पुढे सरकता येईना. वाऱ्याने त्याला पलीकडच्या काठाला नेऊन टाकले. त्या जड विजारीत अर्धे तळे चालून तो गाडीपाशी पोहोचला. दर रविवारी आम्ही फोनवर बोलत होतो, तरी हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या कमरेची शस्त्रक्रिया झाली आहे. ८-१० अंशांच्या पाण्यात तासन्‌तास बसणे त्या कमरेला सोसत नाही. पुढून चपटी, आठ फुटी ‘प्रॅम’ कोरडी खरी, उभे राहून दोर फेकता येतो. पण ती गाडीच्या टपावर चढवणार कोण? उरला ‘पाँटून’. दोन फुगीर नळकांडी, त्यांवर धातूची चौकट, खुर्ची आणि वल्ही. पाण्याच्या वर बसायचे. वारा हिलाही धरतो, पण वल्ह्यांना फिन्सपेक्षा जोर अधिक. शिवाय पुढेमागे दोन नांगर टाकले, की नाव झुलत नाही आणि पाण्यातली ती खोटी माशी स्थिर राहते.

“पाण्याच्या वर बसलं, की मासे पकडणारा होतो मी. आत असलो, की नुसता असतो,” तो म्हणाला. ही तक्रार मला पूर्ण समजली. तरी मी पाँटूनच म्हटले. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या चौकटीचा, ओढून न्यायला मागे चाक असलेला. थोरल्या बहिणींना रसिकता परवडत नाही.

पाँटून पाण्यात उतरला, त्या दिवशी त्याने जुनी ट्यूबही बरोबर घेतली आणि मला तीत बसवले. लाइफ जॅकेटचा पट्टा त्याने दोनदा ओढून पाहिला. मी पाय मारले. थंडी विजारीतून पोटऱ्यांपर्यंत आली. लव्हाळी दूर गेली, मग गाडी, मग काठावर हात उंचावून “पुरे आता, फीर मागे” म्हणणारा तो.