थांबलीय, बंद नाही पडली!

'खेळण्यातली गाडी' म्हटलेलं आमच्या बाबांना खपत नाही. उभं आयुष्य रेल्वेचं इंजिन चालवण्यात गेलं; आता रिटायर्ड. त्यांच्या मॉडेल इंजिनाला, एचओ स्केल म्हणजे १:८७, हेडलाइट बसवायचं काम माझ्याकडे आलं. तसं सोपंय हो! वॉर्म व्हाइट एलईडी, एक किलोओहमचा रेझिस्टर आणि सोल्डरिंग करताना न थरथरणारा हात. बाबांचा हल्ली थरथरतो. 'निळसर नको, पिवळसर हवा,' एवढं मात्र ते बजावतात.

पण साध्या डीसी ट्रॅकवर एक लोचा असतो. रुळांतलं व्होल्टेज कमी केलं की गाडी थांबते आणि दिवाही विझतो. बाबांना ते पटेना. 'अगं, गाडी सिग्नलला थांबलीय, बंद नाही पडली!'

मग डीसीसी सिस्टीम घेतली. यात रुळांत व्होल्टेज कायम असतं. इंजिनातला डीकोडर मोटर आणि दिवा वेगवेगळे सांभाळतो. निळी वायर कॉमन, पांढरी हेडलाइटची. बजेट वाढलं, मान्य! पण परवा उभ्या इंजिनाचा दिवा लागला, आणि रिटायरमेंटपासून गप्प झालेले बाबा घाटातल्या रात्रींबद्दल तासभर बोलत राहिले. वीकेंडला यापेक्षा भारी प्लॅन आहे तुमच्याकडे?