भोकर मुक्कामी : तांड्यावरची जोडशाळा

सोमवार

मुदखेड मागे पडलं की केळीच्या बागा विरळ होतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस, तूर लागते. सोबत गोष्टीच्या पुस्तकांची खोकी आहेत, लातूरच्या आमच्या मुलांनी आपापल्या घरून आणून भरलेली. भोकर तालुक्यातल्या एका तांड्यावरची जिल्हा परिषद शाळा ही आमची जोडशाळा. एका प्रशिक्षणात दोन शिक्षकांची ओळख झाली, तिथून हे सुरू झालं.

भोकरच्या महाविद्यालयाला दिगंबरराव बिंदूंचं नाव आहे. १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचं लोकनियुक्त सरकार आलं, त्यात ते गृहमंत्री होते. निजामाच्या राज्यात विद्यापीठाचं शिक्षण उर्दूतून. मराठी मुलांसाठी हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली ती लोकांच्या बळावर, आणि तिथे शिकवायला स्वामी रामानंद तीर्थ बाहेरून आले. मराठवाड्यात शाळेला शाळेबाहेरच्या माणसाचा हात लागणं ही जुनी गोष्ट आहे, हे पाटी वाचताना मनात आलं.

मंगळवार

तांड्यावर सकाळीच ट्रॅक्टर उभा होता. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली, आता ऊसतोडीची टोळी निघायची. एक बाई पातेली, तवा, पिठाचा डबा गोधडीत बांधत होती. तिची चौथीतली मुलगी शेजारी उभी, पायात शाळेचे बूट. ती आजीजवळ राहणार की उसाच्या फडावर जाणार, हे अजून ठरत नव्हतं. "धाकट्याला कोण धरंल सर?" आईने विचारलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघं पहाटेच फडात उतरतात. मागे कोपीत तान्हं मूल राहतं आणि त्याला सांभाळायला ही नऊ वर्षांची बहीण.

तांड्यावरच्या शाळेच्या सरांनी हजेरीपट दाखवला. संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या दिवशी सगळी मुलं हजर, कागदावर शाळा भरलेली. दिवाळी झाली की रकान्यांतून गैरहजेरीच्या खुणा लागतात, त्या पार उन्हाळ्यापर्यंत. देणगीतून आलेली रंगवलेली भिंत, नवे बाक, टीव्ही, सगळं चांगलंच आहे. पण नोव्हेंबरात ट्रॅक्टरवर चढणाऱ्या मुलाला त्यातलं काहीच अडवत नाही. देणगीदारांनी इथे यावं तर याच दिवसांत यावं.

जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं. ते दाखवलं की मुलाला कारखान्याजवळच्या शाळेत दाखल्याशिवाय बसवून घ्यायचं असतं. टोळी बेळगावकडे गेली तर शाळा बहुधा कानडी. घरी गोरमाटी बोलणारं लेकरू, मराठी आत्ता कुठे सुधारलेली, त्याने तिथे किती तग धरावा?

बुधवार

नकाशाचा तास घेतला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींची हकिगत सांगितली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांत नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेतले शिक्षकही होते. मुलांनी दोन्ही देश बोट ठेवून शोधले. एकाने विचारलं, "तिथली पोरं पण गाव सोडून जातेत का?" जातात, मी म्हणालो. कामासाठी आईबाप हलले की तिथेही शाळा सुटते. मग वर्ग बराच वेळ तेच बोलत राहिला, आणि मी बोलू दिलं.

गुरुवार

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पारावर झाली. प्रश्न एकच होता, हंगामी वसतिगृहाचा. सरकारची ही योजना मला मनापासून पटते: आईबाप उसाला गेले तरी मूल आजी-आजोबांकडे गावातच राहतं आणि दोन्ही वेळचं जेवण त्याला सरकारी खर्चातून मिळतं. अडचण वेळेची. मागच्या हंगामात मंजुरी आली तेव्हा टोळ्या कधीच निघून गेल्या होत्या. आजी राखायला तयार असते, पण पहिल्या महिन्याचं धान्य तिच्याकडे नसतं. तेवढ्यापायी मूल जातं.

म्हणून आमच्या शाळेने ठरवलं की यंदा आणखी वस्तू नाहीत. मंजुरी येईपर्यंतचा किराणा आणि स्वयंपाकाच्या दोन बायकांचा पगार लातूरचे पालक उचलतील. पैसे समितीच्या खात्यात, हिशेब दर शनिवारी फळ्यावर. तांड्याच्या नायकांनी एक अट घातली: "तुमची पोरं आमच्याकडं येतेत, तशी आमची बी तिकडं गेली पाहिजेत." ती अट रास्त आहे. फेब्रुवारीत इथली मुलं आमच्या मुलांच्या घरी राहायला येतील. कोणाच्या घरी कोण, ही यादी तिथेच सुरू केली.

धाकट्या भावाचा प्रश्न मात्र उरला. तान्ह्या मुलांची सोय फडावरच झाली पाहिजे, ती शाळेच्या आवाक्यातली नाही. अंगणवाडीताईंनी कारखान्याच्या गावातल्या अंगणवाडीशी फोनवर बोलते म्हणून सांगितलं. त्या भरवशावर चौथीतल्या मुलीची आई तिला आजीकडे ठेवायला राजी झाली, पण संक्रांतीपर्यंतच. पुढचं पुढे बघू म्हणाली.

उद्या हिमायतनगरवरून किनवट. तिकडच्या कोलाम पाड्यांवरच्या शाळांविषयी पुढच्या भागात.