दोन रकाने

काँक्रीट म्हणजे सिमेंट-खडी, एवढंच मला ठाऊक. रात्रपाळी करून सूतगिरणीतनं खोलीवर आलो की रद्दीत मिळालेलं इंग्रजी व्याकरण घेऊन बसायचो. त्यात एकदा ‘काँक्रीट नाउन’ भेटलं. शेजारीच ‘ॲब्स्ट्रॅक्ट नाउन’. डोळे, कान, नाक, जीभ, कातडी, यातल्या एकाला जरी कळलं तरी ते काँक्रीट. नुसतं मनानंच धरावं लागलं तर ॲब्स्ट्रॅक्ट. म्हणजे आपलं भाववाचक नाम.

वहीत दोन रकाने पाडले. बॉबिन, सूत, घाम, भाकरी पहिल्यात. यंत्रांचा आवाज हातात येत नाही, पण कान बधिर करतो, म्हणून तोही पहिल्यात. भूक कुठं घालायची? ती तर रोज लागते. पुस्तकानं दुसऱ्या यादीत दिलेली. घातली, पण पटलं नाही.

मग घटनेचा इंग्रजी सरनामा काढला. जस्टिस, लिबर्टी, इक्वॅलिटी, फ्रॅटर्निटी. चारी शब्द दुसऱ्या रकान्यात. ‘जस्टिस’ तेवढा दोन्हीकडं बसतो. न्याय म्हटला तर ॲब्स्ट्रॅक्ट, न्यायमूर्ती म्हटला तर काँक्रीट. सतराव्या कलमातली ‘अनटचेबिलिटी’ही दुसऱ्यातच. ‘इक्वल’ला जी ‘इटी’ची शेपटी, तीच हिलाही. आणि कसोटी काय, तर हाताला लागतं का!

आजा सांगायचा, गावच्या हॉटेलाबाहेर वळचणीला आपली वेगळी कपबशी असायची. कान तुटलेली. चहा प्यायचा आणि आपली आपण धुऊन ठेवायची. ती कपबशी पहिल्या रकान्यातली. ती फोडता येते. पण ती तिथं ठेवायला लावणारी गोष्ट दुसऱ्या रकान्यातली, ती कशी फोडणार? बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हेच मांडलंय की जात ही पाडता येईल अशी भिंत नाही, ती डोक्यात बसलेली कल्पना आहे. आधी वाचलेलं, पण रकाने पाडल्यावर खरं कळलं.

तरी दोस्तांनो, दुसरा रकाना म्हणजे हवेतला रकाना नव्हे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं ते पाणीच. पाणी काँक्रीट. आणि त्या ओंजळीत समता पण होती.

आता रविवारी चाळीतली दोन पोरं माझ्याकडं शिकायला येतात. परवा एकानं विचारलं, ‘दादा, इक्वॅलिटी कुठल्या रकान्यात?’

म्हटलं, ‘परीक्षेत दुसऱ्यात लिही, नाहीतर मार्क जातील. बाहेर आल्यावर पहिल्यात आणायची बघू.’